टाका, माप आणि मैत्री : हाताने शिवलेल्या भेटींच्या अभ्यासाची प्रस्तावना

कापडाच्या भेटींचा अभ्यास करू इच्छिणाऱ्याने एकदा तरी कुंभकोणमला जावे. कावेरीकाठच्या या गावाच्या परिसरात कापड देण्याच्या तीन रीती शेजारी शेजारी उभ्या आहेत, आणि मराठी माणसाला तिन्ही ओळखीच्या वाटतात. ते स्वाभाविकच आहे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यंकोजीराजांनी तंजावर घेतल्यापासून पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ या मुलखावर भोसल्यांचे राज्य होते. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा या तीन संस्थानांची दिवाणगिरी सांभाळणारे टी. माधवराव १८२८ साली जन्मले ते याच कुंभकोणमात, एका मराठी घरात.

पहिली रीत दरबाराची. कोळ्ळिडम नदीच्या उत्तर तीरावर कोडाली करुप्पूर नावाचे खेडे आहे. तंजावरच्या राजघराण्यासाठी तिथे जे वस्त्र तयार होई, त्याच्या तोडीची कारागिरी थोड्याच ठिकाणी झाली असेल. तलम सुती कापडात जामदानी पद्धतीने जरीची नक्षी विणायची, मग कलमाने रेघा काढून, ठरावीक भाग मेणाने झाकून ते कापड रंगवायचे. गडद तांबड्या आणि काळ्या रंगाच्या आतून जर चमकत राही. लग्नकार्यात हे वस्त्र नेसले जाई, दरबारातून मानवस्त्र म्हणून दिले जाई. १८५५ मध्ये दुसरे शिवाजीराजे पुरुष वारस न ठेवता वारले, कंपनीने राज्य खालसा केले आणि आश्रय तुटताच हे विणकाम मावळले. आता त्याचे नमुने पाहायचे ते संग्रहालयांत. कलमाने कापडावर चित्रे काढण्याची परंपरा मात्र करुप्पूर आणि सिक्कलनायकनपेट्टै या गावांतल्या घराण्यांनी टिकवली. करुप्पूर कलमकारीला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले.

दुसरी रीत देवळाची. कुंभकोणमच्या शारंगपाणी मंदिराचा रथ तमिळनाडूतल्या मोठ्या रथांपैकी एक आहे. असे रथ आणि उत्सवमंडप ज्या कापडी लोंबत्या नळकांड्यांनी सजवतात, त्यांना ‘तोंबै’ म्हणतात. रंगीत कापडाचे आकार कातरून दुसऱ्या कापडावर शिवायचे, कडेला झालर लावायची, आणि उत्सवात ते सारे वाऱ्यावर झुलू द्यायचे. हेही देणेच आहे, भक्ताने देवाला दिलेले.

तिसरी रीत बायकांची. नवरात्रात घरोघरी गोलू मांडतात. पायऱ्यापायऱ्यांवर बाहुल्या बसवतात. शेजारपाजारच्या बायका, मैत्रिणी संध्याकाळी पाहायला येतात, गाणी म्हणतात आणि निघताना विडा, हळदकुंकू, ब्लाउजपीस घेऊन जातात. लग्नघरी पाहुण्यांच्या हातात नारळ-विड्याची कापडी पिशवी पडते. तमिळ घरांत पिवळ्या कापडी पिशवीची सवय इतकी मुरलेली आहे, की प्लास्टिकला आळा घालताना तमिळनाडू सरकारने २०२१ च्या डिसेंबरात ‘मीण्डुम मंजप्पै’, म्हणजे पुन्हा पिवळी पिशवी, ही मोहीम सुरू केली. आपल्याकडच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवातले वाण आणि चैत्रगौरीची ओटी याच कुळातली. या देवघेवीत एखादी जण विकतच्या वस्तूऐवजी स्वतः शिवलेला बटवा, तोरण, आसन किंवा पिशवी मैत्रिणीच्या हाती ठेवते. ती वस्तू हा आपल्या अभ्यासाचा विषय.

पहिल्या दोन रीतींवर पुष्कळ लिहिले गेले आहे. दरबारी वस्त्र वरून खाली दिले जाते, देवळातले खालून वर. दोन्हींत देणारा आणि घेणारा यांच्या पायऱ्या ठरलेल्या असतात आणि त्या दाखवणे हेच त्या कापडाचे काम असते. मैत्रिणीसाठी शिवलेली वस्तू आडवी जाते, बरोबरीच्या माणसाकडे. तिला मानकरी नसतो, सनद नसते, आणि वापरून वापरून ती विरते. म्हणून ती संग्रहालयात पोचत नाही आणि अभ्यासकाच्या नजरेतूनही सुटते.

असे सुटणे परवडणारे नाही, आणि याचे कारण हाच या प्रस्तावनेचा गाभा आहे. जन्माची नोंद होते, लग्नाची होते, जमिनीची आणि वारशाची होते. मुलगी, पत्नी, आई, विधवा या नात्यांनी बाई कागदावर येते. मैत्रीण या नात्याने ती जवळजवळ कुठेच येत नाही. दोन बायका चाळीस वर्षे एकमेकींच्या जिवाभावाच्या होत्या, याचा पुरावा बहुधा एखाद्या ट्रंकेच्या तळाशी असतो आणि तो कापडाचा असतो. हाताने शिवलेली भेट हा बायकांच्या मैत्रीचा दस्तऐवज आहे. तो वाचायला शिकणे हे या विद्याशाखेचे काम आहे.

वाचायचे कसे? सुरुवात मापापासून करावी. विकतची वस्तू कुणालाही देता येते. शिवलेली वस्तू मनात एकच माणूस धरून बेतावी लागते. चष्म्याचे घर शिवणारीला मैत्रिणीचा चष्मा केवढा आहे हे ठाऊक असते. पोथीचे बासन शिवणारीला ती कोणती पोथी वाचते आणि पोथी किती जाड आहे, हे माहीत असते. पिशवीचे बंद खांद्यावर घ्यायचे की हातात धरायचे, आत खिसा हवा की नको, मैत्रिणीला कोणता रंग सोसत नाही, तिची बोटे आता गुंडी लावू शकतात की बंदच बरे, हे सारे निर्णय त्या वस्तूत दडलेले असतात. दुसऱ्या माणसाकडे किती बारकाईने पाहिले होते, ते मापावरून कळते. अभ्यासकाने लांबी-रुंदी टिपून थांबू नये. हे माप कुणाचे आणि ते शिवणारीला कसे कळले, हेही विचारावे.

मापानंतर कापड. आपल्याकडे कोरे आणि जुने यांचे नियम काटेकोर आहेत. ओटीचा खण कोराच हवा. पण नवजात बाळाच्या अंगाला जुने मऊ सूतच लागते, म्हणून बाळुती आणि दुपटी धुऊन धुऊन मऊ झालेल्या साडीची किंवा धोतराची करतात. बाळंतविडा पाहा. झबली, टोपडी, कुंची, दुपटे, चौघडी या सगळ्यांत नवे आणि जुने कुठे कसे वाटले आहे, यावरून त्या घराची ऐपत, रीत आणि माया तिन्ही समजतात. एरवी लहानांना वर्ज्य असलेला काळा रंग संक्रांतीला बोरन्हाणाच्या झबल्यात हौसेने येतो. गोधडीत, किंवा पश्चिम महाराष्ट्रातल्या वाकळेत, आजीचे लुगडे, आईची साडी, पोराचा सदरा असे थर एकावर एक बसतात. मैत्रिणीला गोधडी करून देणारी बाई आपल्या घरातली जुनी कापडे तिच्या घरी पाठवते. रक्ताचे नाते नसताना हे घडते, ही मोठी गोष्ट आहे.

मग टाका. वस्तू उलटी करा आणि मागची बाजू आधी पाहा. धावदोरा किती सरळ आहे, गाठ कुठे लपवली आहे, दोरा मध्येच बदलला आहे का, तुरपाई कुणाची आणि कशिदा कुणाचा, हे तिथे दिसते. एकाच वस्तूत दोन-तीन हात ओळखू येतात. एकीने कातरले, दुसरीने टीप मारली, तिसरीने कडेचा गोट लावला. समोरच्या बाजूला नक्षी दिसते आणि मागच्या बाजूला मंडळ दिसते.

या मंडळाचा इतिहास स्वतंत्रपणे लिहिण्याजोगा आहे. रमाबाई रानडे यांनी १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन उभे केले. तिथल्या शिवणवर्गांचा हेतू बायकांना पायावर उभे करण्याचा होता. पण एक गोष्ट सोबतच झाली. वेगवेगळ्या घरांतल्या, वेगवेगळ्या वयांच्या बायका नात्यागोत्यावाचून एका खोलीत सुई घेऊन बसल्या. माहेरची आणि सासरची यांच्या पलीकडे ‘वर्गातली मैत्रीण’ हे नाते रुजायला अशी खोली लागते. पुढे महिला मंडळे आली, बचत गट आले, आणि आज शहरोशहरी कापडकामाची हौस असणाऱ्यांचे गट आहेत. अशा गटातली देवघेव भिशीसारखी फिरते. आज जिने दिले तिला आजच परत मिळत नाही, पण देणे थांबत नाही. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मोस यांनी १९२५ मध्ये भेटीवरच्या आपल्या प्रसिद्ध निबंधात घेणे, देणे आणि परत देणे अशी तीन बंधने सांगितली. मैत्रिणींच्या मंडळात परतफेडीची मुदत मोकळी सोडलेली असते, आणि माझ्या मते त्या मोकळीकीतच मैत्री वाढते. हे मत तपासून पाहायला नव्या अभ्यासकांनी पुढे यावे.

जगभर या वाटेवर पावले पडली आहेत. स्टेला क्रामरिश यांनी १९३९ मध्ये बंगालच्या कांथ्यावर निबंध लिहिला आणि जुन्या साड्यांच्या थरांना कलेतिहासात जागा मिळाली. अमेरिकेत १८४० च्या दशकात मैत्रीच्या गोधड्यांची लाट आली. दूर गावी निघालेल्या मैत्रिणीसाठी प्रत्येकीने एकेक चौकोन शिवायचा, त्यावर शाईने किंवा दोऱ्याने आपले नाव घालायचे आणि सारे चौकोन जोडून गोधडी पूर्ण करायची. तिथल्या संशोधकांना त्या नावांवरून अख्ख्या मैत्रिणमंडळांचा माग काढता आला. आपल्या सीमेलगत, उत्तर कन्नडमधल्या हल्याळ-यल्लापूर भागात सिद्दी बायका कवंदी शिवतात. त्या कडेपासून टाके घालत आत सरकतात आणि चारही कोपऱ्यांवर कापडाच्या घडीचे फूल बसवतात. कलेतिहासकार हेन्री ड्रुअल यांच्या लेखनामुळे ही कवंदी दूरवर पोचली. रोझिका पार्कर यांनी १९८४ मध्ये दाखवून दिले, की भरतकामाने बायकांना घरात बसवले आणि त्याच भरतकामाने त्यांना बोलण्याची जागाही दिली. हा दुहेरीपणा आपणही विसरू नये. हाताने शिवणे म्हणजे निव्वळ प्रेम, असे मानले तर ते शिवणाऱ्या हातांवर अन्यायच ठरेल. पुष्कळ बायकांनी गरजेपोटी शिवले, आणि नव्या सुनेची पारख करताना रुखवतातली कलाकुसर मोजली गेली. सक्तीचे शिवण आणि आपखुशीचे शिवण यांत फरक करायला शिकल्याशिवाय आपखुशीची किंमत कळणार नाही.

म्हणून नव्याने येणाऱ्यांना काही सूचना. वस्तू पाहण्याआधी माणसांना भेटा. शिवणारी आणि जिच्यासाठी शिवले ती, दोघींशी शक्यतो वेगवेगळे बोला, कारण दोघींच्या आठवणी एकच नसतात. कापड कुठले, कुणाच्या अंगावरचे, कोणत्या निमित्ताने दिले, वापरले की जपून ठेवले, हे विचारा. डाग आणि ठिगळे यांचीही नोंद करा. फाटल्यावर ती वस्तू कुणी दुरुस्त केली, हा प्रश्न कधीही गाळू नका. छायाचित्र दोन्ही बाजूंचे घ्या. वस्तू संग्रहासाठी मागून नेऊ नका. ती वापरात राहणे हेच तिचे जगणे आहे. परवानगीवाचून कुणाचे नाव छापू नका. मैत्री ही खासगी गोष्ट आहे.

कागदपत्रांचेही साहाय्य घ्या. १९३० मध्ये सुरू झालेल्या ‘स्त्री’पासूनची मराठी मासिके, शिवणवर्गांच्या वह्या आणि बायकांचा पत्रव्यवहार चाळा. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात दरबारी मोडी कागद मोठ्या प्रमाणावर जपलेले आहेत. राजवाड्यातली कापडाची देवघेव अभ्यासायची असेल, तर मोडी लिपी शिका. तमिळ शिकलात तर आणखी उत्तम. कुंभकोणमच्या एका घरात गोलूच्या पायऱ्या आणि हळदीकुंकवाची रीत एकत्र नांदत असेल, तर तिथल्या शिवणाला दोन्ही भाषांत प्रश्न विचारावे लागतील.

आणि सुई हातात घ्या. ही अट मी सर्वांनाच घालते, पुरुष अभ्यासकांनाही. टाका घातल्याशिवाय टाका वाचता येत नाही. एखाद्या मंडळात जाऊन बसा, मागून मागून धावदोरा शिका, मग ओळखीच्या एखाद्या माणसासाठी काहीतरी बेता. माप घेताना त्या माणसाबद्दल आपल्याला किती थोडे ठाऊक आहे हे जाणवेल, आणि तुम्ही विचारू लागाल. त्या विचारण्यातून या विषयातले पहिले प्रश्न सुचतात. हे क्षेत्र नवे आहे, माणसे थोडी आहेत आणि काम अफाट आहे. ज्यांच्या घरी अशी एखादी ट्रंक आहे, त्यांनी ती उघडावी. घरातल्या वडीलधाऱ्या बाईला शेजारी बसवून घ्यावे, आणि त्यातली एकेक वस्तू कुणी, कुणासाठी शिवली, ते तिच्याच शब्दांत लिहून घ्यावे.