उरलेल्या एका सीसीचा मागोवा

गाईचं वजन चारशे किलो धरलं, तर आयव्हरमेक्टिनच्या एक टक्का इंजेक्शनची मात्रा होते आठ सीसी. दहाची सिरिंज भरून घेतली की दोन सीसी उरतात. पैसे मोजून आणलेलं औषध मातीत ओतायला जीव होत नाही आणि दावणीच्या कडेला गोचिडांनी बेजार झालेला कुत्रा कान खाजवत बसलेलाच असतो. सोनईसारख्या दुधाच्या आणि उसाच्या गावात कुत्र्याला या औषधाचा जादा डोस जातो तो असा. त्यात दुष्टावा नसतो. थोडी माया असते, थोडी काटकसर असते, आणि गाईला चालतं तर कुत्र्याला का नाही, एवढा सरळ हिशेब असतो.

याच औषधाची जगात एक दुसरी ओळख आहे, ती मात्र सोनईत फारशी कुणाला ठाऊक नाही. अमेरिकेत ते कुत्र्याला हृदयातल्या जंतापासून वाचवण्यासाठी महिन्यातून एकदा देतात, मांसाच्या चवीची चघळायची वडी करून. तिथेही जादा डोस होतो. कपाटातला डबा फोडून कुत्रा सगळ्या वड्या एका बैठकीत फस्त करतो आणि मालक घाबरून डॉक्टरला फोन लावतो. औषध एकच आणि अपघातही नावाला एकच, पण दोन्हींत जमीनअस्मानाचा फरक आहे. तो कुठून आला हे कळायला जरा मागे जावं लागतं.

कुत्र्याच्या हृदयात सापडणाऱ्या शेवयांसारख्या लांब जंताला 1856 साली फिलाडेल्फियाच्या जोसेफ लायडी यांनी शास्त्रीय नाव दिलं. आज त्याला डायरोफिलेरिया इमिटिस म्हणतात. तो डासातून पसरतो हे इटलीत ग्रासी आणि नोए यांनी 1900 साली दाखवलं. डास चावतो, सुईच्या टोकाएवढी अळी कातडीत शिरते, काही महिने शरीरात वाढत-फिरत राहते आणि शेवटी फुप्फुसाकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीत आणि हृदयाच्या उजव्या कप्प्यात मुक्काम ठोकते. मोठा झालेला जंत मारायला त्या काळी आर्सेनिकची इंजेक्शनं द्यावी लागत. रोगापेक्षा इलाजच जिवावर उठावा असा तो प्रकार होता. म्हणून मग जंत मोठा होण्याआधीच अळीला गाठायचं ठरलं. 1947 मध्ये आलेलं डायइथिलकार्बामाझिन, म्हणजे आपल्याकडच्या हत्तीरोगाच्या मोहिमांमुळे माहीत झालेली हेट्राझानची गोळी, कुत्र्यांनाही देऊ लागले. पण ती रोज द्यावी लागे. दोन-चार दिवस चुकले की पहारा सुटला. शिवाय ज्या कुत्र्याच्या रक्तात आधीच जंताची पिल्लं फिरत असत, त्याला त्या गोळीने झटका येऊन तो दगावूही शके.

इथे गोष्ट जपानला जाते. टोकियोच्या कितासातो संस्थेतले सातोशी ओमुरा यांना जातील तिथली माती प्लास्टिकच्या पिशवीत भरून आणायची सवय होती. इतो शहराजवळच्या कावाना इथल्या गोल्फच्या मैदानालगतची अशीच एक माती 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांच्या प्रयोगशाळेत आली. तिच्यातल्या जिवाणूचं वाण न्यू जर्सीतल्या मर्क कंपनीकडे गेलं. तिथे विल्यम कॅम्बेल आणि त्यांचे सहकारी जंत झालेल्या उंदरांवर असे नमुने तपासत असत. या एका नमुन्याने उंदराचे जंत साफ केले. त्यातून निघालेल्या द्रव्यात थोडा रासायनिक बदल करून आयव्हरमेक्टिन तयार झालं. ओमुरा आणि कॅम्बेल यांना 2015 चं नोबेल मिळालं ते यासाठीच. इतक्या वर्षांत हा जिवाणू जपानच्या मातीबाहेर कुठे सापडल्याचं ऐकिवात नाही, हे मला त्या नोबेलपेक्षा नवलाचं वाटतं.

1981 साली औषध बाजारात आलं ते जनावरांसाठी. सोनईच्या दृष्टीने या सगळ्या इतिहासातली ही कळीची गोष्ट. औषध जन्मलं ते गाय, घोडा आणि मेंढी यांच्या मापात. एका मिलिलिटरमध्ये दहा मिलिग्रॅम आणि पन्नास किलो वजनाला एक सीसी, असा सुटसुटीत हिशेब ठेवला, म्हणजे शेतकऱ्याला गोठ्यात उभ्या उभ्या करता यावा. बाटलीवरची ही खूण आजतागायत तशीच आहे.

आणि अमेरिकेनेही नेमकं तेच केलं जे आपल्याकडे होतं. कुत्र्यांसाठी औषध मंजूर व्हायच्या आधीच लोकांनी गाईचं इंजेक्शन आणि घोड्याची पेस्ट कुत्र्यांना द्यायला सुरुवात केली. बहुतेक कुत्र्यांना काही झालं नाही. पण 1983 च्या आसपास मेंढ्या राखणाऱ्या कोली जातीची कुत्री पडू लागल्याच्या नोंदी येऊ लागल्या. आधी लाळ गळे, बुबुळं मोठी होत, चालताना मागचे पाय वाकडे पडत, मग दिसेनासं होई आणि शेवटी कुत्रं बेशुद्ध पडे. काही कोली तर औषध दिलेल्या घोड्याची लीद खाऊन आजारी पडली, कारण हे औषध बहुतांशी विष्ठेतूनच बाहेर पडतं. ज्या डोसाने शेजारच्या बीगलला शिंकही येत नव्हती, त्याने कोलीचा जीव जात होता.

याचं कारण कळायला 2001 साल उजाडलं. वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठातल्या कॅट्रिना मिली आणि सहकाऱ्यांनी एमडीआर-1 नावाच्या जनुकातला दोष शोधला. साऱ्या बिघाडाचं मूळ त्या जनुकातली चार अक्षरं गळण्यात होतं. हे जनुक मेंदूच्या रक्तवाहिन्यांवर एक पंप उभा करतं आणि तो पंप आत शिरू पाहणारं औषध बाहेर उपसत राहतो. कोलीत तो पंपच नीट बनत नाही. जंताच्या शरीरात आयव्हरमेक्टिन नसांचे दरवाजे उघडे पाडून त्याला लुळं करतं. आपल्या मेंदूतही त्याला धरणारी ठिकाणं आहेत, फक्त सस्तन प्राण्यांच्या बाबतीत औषध तिथवर पोचत नाही एवढंच. ऑस्ट्रेलियन शेफर्ड, शेल्टी यांच्यात हा दोष वारंवार दिसतो आणि जर्मन शेफर्डमध्येही काही प्रमाणात आढळतो. गावाकडे बंगल्याच्या फाटकावर जी जात हमखास दिसते, ती हीच.

मग 1987 मध्ये कुत्र्यांसाठी हार्टगार्ड आलं. आधी गोळी आली, पुढे चघळायची वडी. हृदयातल्या जंताच्या कोवळ्या अळीला मारायला किती कमी औषध पुरतं ते शोधून डोस ठेवला गेला किलोला सहा मायक्रोग्रॅम. गाईला किलोला दोनशे लागतात. कुत्र्याला दिले सहा, आणि तेही महिन्यातून एकदाच, कारण महिनाभरात शिरलेल्या अळ्या एका फटक्यात मरतात. संवेदनशील कोलीलाही याच्या दहापट सोसतं, हे तपासूनच माप ठरलं. वजनाच्या गटाप्रमाणे वडीच्या खोक्याचा रंगही वेगळा केला, निळा, हिरवा आणि तपकिरी. सगळ्यात मोठ्या, तपकिरी वडीत 272 मायक्रोग्रॅम असतात. दहा किलोच्या कुत्र्याने डब्यातल्या सहाच्या सहा खाल्ल्या तरी किलोला 163 होतात. ज्या कुत्र्याचा पंप शाबूत आहे त्याला अडीच हजारांपर्यंत सहसा काही होत नाही. पंचवीस किलोच्या कोलीने त्या सहा खाल्ल्या तर किलोला 65. तिला त्रास सुरू होतो साधारण शंभरापासून. म्हणजे डबा फोडणारा कुत्रा बहुतेक वेळा पोट बिघडण्यावर सुटतो, आणि याचं श्रेय नशिबाला नाही, 1987 मध्ये माप ठरवणाऱ्यांना आहे.

आता हेच माप सोनईच्या बाटलीला लावून बघू. पंधरा किलोच्या गावठी कुत्र्याला हृदयाच्या जंतासाठी लागतील नव्वद मायक्रोग्रॅम. एक टक्क्याच्या बाटलीत ते भरतात एका सीसीच्या शंभराव्या भागापेक्षाही कमी जागेत. मधुमेहाची लाल टोपणाची, चाळीस युनिटची बारीक सिरिंज घेतली तरी तिच्यावरची सगळ्यात छोटी रेघ म्हणजे 250 मायक्रोग्रॅम, जवळजवळ तिप्पट. हे औषध मोजायला ती बाटली बनलेलीच नाही. पाण्यात पातळ करावं म्हटलं तर आयव्हरमेक्टिन पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे सिरिंजच्या एका टोकाला औषध आणि दुसऱ्या टोकाला नुसतं पाणी जायचं. आणि उरलेल्या दोनपैकी एक सीसी टोचली तर किलोला 667 मायक्रोग्रॅम पडतात, म्हणजे जंत टाळायच्या डोसाच्या शंभरपटीहून जास्त. धडधाकट गावठी कुत्रा बहुधा तेही सोसतो. त्याच्या या सोसण्यामुळेच गैरसमज पक्का होतो. दहा कुत्र्यांना दिलं, काही झालं नाही, म्हणून अकराव्यालाही देतात.

अकरावं असतं पिल्लू. दोन किलोचं, कातडीला खरूज झालेलं, मुलांनी उचलून घरी आणलेलं. तीच एक सीसी त्याला किलोला पाच हजार मायक्रोग्रॅम होते. लहान पिल्लाच्या मेंदूचा पहाराही अजून पुरता उभा राहिलेला नसतो. संध्याकाळी ते थरथरतं, डोळ्यांसमोर हात नेला तरी पापणी मिटत नाही, सकाळी उठत नाही. घरात म्हणतात, खरूज अंगात मुरली होती.

बरं, गावात हे औषध हृदयाच्या जंतासाठी येतच नाही. तो जंत आपल्याकडे मुख्यतः ईशान्य भारतात आढळतो, महाराष्ट्रात क्वचित. त्याचा कातडीखाली राहणारा भाऊबंद, डायरोफिलेरिया रेपेन्स, मात्र मुंबईच्या कुत्र्यांत सापडलेला आहे. मुळा धरणाच्या कालव्यांनी सोनईच्या नेवासे तालुक्यात ऊस आला, साखर कारखाना आला, पाणी साचलं आणि डासही आले. तरी सोनईतल्या कुत्र्याला सुई टोचली जाते ती गोचिडांसाठी आणि खरजेसाठी. खरजेवर ती गुणकारी आहे, डॉक्टर वजन करून मोजून देतात तेव्हा. गोचिडांवर तिचा फारसा भरवसा नाही. गाईची गोचीड सारी वाढ गाईच्या अंगावरच उरकते. कुत्र्याची तांबूस गोचीड वाढीच्या प्रत्येक टप्प्याला खाली उतरते, दगडी गोठ्याच्या भिंतीतल्या फटीत जाऊन कात टाकते, तिथेच अंडी घालते आणि पुन्हा चढते. म्हणून आठ दिवसांत कुत्रा परत भरलेला दिसतो. मग दुसरी सुई, मग तिसरी. शरीरातलं आधीचं औषध पुरतं निघून जायला बरेच दिवस लागतात, त्यावर हे नवं चढत जातं. भिंतीच्या फटी लिंपल्या असत्या तर बहुधा इतक्या सुयांची गरज पडली नसती. कुत्र्याच्या गोचिडांसाठी आता वेगळ्या गोळ्या मिळतात, पण त्यांची किंमत ऐकून गावातला माणूस पुन्हा गाईच्या बाटलीकडेच वळतो, आणि त्याला दोष द्यायला मी तयार नाही. घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात म्हशीवर ओततात ते पैसे पुढे दुधातून फिटतात. कुत्रा दूध देत नाही.

माणसांच्या बाबतीत हेच औषध किती काळजीने मोजलं जातं, तेही महाराष्ट्राने पाहिलं आहे. हत्तीरोगासाठी तीन औषधं एकदम द्यायची मोहीम 2019 मध्ये नागपूर जिल्ह्यात झाली. अशा मोहिमेत आयव्हरमेक्टिन देतात उंची मोजून. वजनकाटा घरोघरी न्यायला नको, म्हणून काठीवर खुणा असतात आणि माणूस जिथवर पोचेल तितक्या तीन मिलिग्रॅमच्या गोळ्या. नव्वद सेंटिमीटरच्या आतल्या मुलाला एकही नाही. एवढी साधी काठी, पण अपघात टाळायला पुरते. पुढे कोविडमध्ये माप सुटलं. 10 मे 2021 रोजी गोवा सरकारने अठरा वर्षांवरच्या सगळ्यांना पाच दिवस रोज बारा मिलिग्रॅमची गोळी द्यायची घोषणा केली. पुढच्याच महिन्यात केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने हे औषध आपल्या उपचारसूचीतून काढलं. तोवर गोळ्यांच्या पट्ट्या घराघरांत पोचल्या होत्या. गोव्यात काय, सोनईत काय, फ्रिजवरच्या डब्यात उरलेली बारा मिलिग्रॅमची एक गोळी पंधरा किलोच्या कुत्र्याला गेली तर किलोला आठशे मायक्रोग्रॅम भरतात.

या विषबाधेवर उतारा नाही. गोळी पोटात जाऊन थोडाच वेळ झाला असेल तर उलटी करवतात. नंतर कोळशाची पूड पुन्हा पुन्हा पाजतात, कारण यकृतातून आतड्यात आणि आतड्यातून परत रक्तात असं हे औषध फेऱ्या मारत राहतं. सुईने दिलेल्या औषधावरही तिचा थोडा उपयोग होतो तो त्यामुळेच. बाकी सलाइन, ऊब, डोळ्यांत मलम, कूस बदलत ठेवणं, आणि कधी कधी आठवडाभर वाट पाहणं. आंधळं झालेलं कुत्रं बहुतेक वेळा पुन्हा पाहू लागतं. 2009 मध्ये याच कुळातल्या मॉक्सिडेक्टिनने बेशुद्ध पडलेल्या एका पिल्लाला शिरेतून चरबीचं सलाइन दिल्याची आणि ते वाचल्याची नोंद आली, तेव्हापासून तोही एक उपाय झाला. ते पांढरं सलाइन स्वीडनमध्ये आर्विड व्रेटलिंड यांनी 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला सोयाबीनच्या तेलापासून बनवलं होतं, तोंडाने खाता न येणाऱ्या माणसांसाठी. चरबीत विरघळणारं औषध ते मेंदूतून बाहेर ओढून घेत असावं, असा समज आहे. माणसांच्या औषधांच्या दुकानात ते मिळतं, तालुक्याच्या गावी मागवावं लागतं.

ते द्यायचं की नाही, कोळसा किती दिवस चालवायचा, हे सगळं एका आकड्यावर ठरतं: किती सीसी गेली. कुत्रं घेऊन येणारा माणूस नेमका तो आकडा सांगायला कचरतो. "थोडंसंच दिलं," म्हणतो. गोठ्यातली बाटली सोबत आणली, तर तिच्यावरची टक्केवारी आणि कुत्र्याचं वजन यांवरून डॉक्टर बाकीचा हिशेब दोन मिनिटांत मांडतात.