प्रोस्टेटचे ऑपरेशन आणि पाण्याने शिकवलेला धडा

वडिलांचे प्रोस्टेटचे ऑपरेशन दुर्बिणीतून करायचे ठरले, की घरचे विचारतात, "डॉक्टर, धोका नाही ना?" धोका आज कमी आहे. तो कमी कसा झाला, हे तुम्हालाही माहीत असावे.

१९२६ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅक्सिमिलियन स्टर्न यांनी लघवीच्या मार्गातून जाऊन वाढलेली ग्रंथी विजेच्या तारेने कापण्याचे उपकरण मांडले. रक्त धुतले जाऊन आतले नीट दिसावे म्हणून पाणी सतत सोडावे लागते. सलाइनमधून वीज पसरते आणि तार कापत नाही. म्हणून डिस्टिल्ड वॉटर वापरत. हे पाणी कापलेल्या शिरांतून रक्तात जास्त शिरले, तर तांबड्या पेशी फुटत, किडनी बंद पडे. १९४७ मध्ये अमेरिकेतील डॉ. क्रीव्ही यांनी अशा मृत्यूची नोंद केली.

मग ग्लायसिनचे द्रावण आले. पेशी फुटणे थांबले. पण ते जास्त शोषले गेले, तर रक्तातले सोडियम उतरते. यालाच 'टीयूआर सिंड्रोम' म्हणतात. आता बायपोलर आणि लेझर पद्धतीत सलाइन चालते, त्यामुळे हा त्रास दुर्मिळ झाला आहे. मात्र सलाइनही जास्त शोषले गेले, तर हृदयावर ताण येतो.

म्हणून ऑपरेशनआधी पद्धत कोणती, ते विचारा. हृदयाचा किंवा किडनीचा आजार लपवू नका. ऑपरेशननंतर रुग्णाला मळमळ, धाप, अंधुक दिसणे किंवा असंबद्ध बोलणे सुरू झाले, तर "वय झालंय" म्हणून सोडून देऊ नका. लगेच नर्सला बोलवा.