उमेदवार कोणी निवडायचा?

आज आपण प्रायमरीबद्दल बोलू. प्रायमरी म्हणजे निवडणुकीआधीची निवडणूक. पक्षाचा उमेदवार चार पुढाऱ्यांनी न ठरवता सभासदांनी किंवा मतदारांनी मत देऊन ठरवायचा. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्याने १९०३ साली तसा कायदाच केला. हेतू एवढाच, की उमेदवारी मूठभरांच्या हातून सुटावी.

आपला निवडणूक कायदा याबाबतीत गप्प आहे. पक्षाचा एबी फॉर्म ज्याच्या हाती, तो उमेदवार!

आता बारामती बघा. १९६७ साली तरुण शरद पवारांच्या उमेदवारीला स्थानिक इच्छुकांचा विरोध होता. यशवंतराव चव्हाणांच्या पाठबळाने तिकीट मिळाले आणि पवार निवडूनही आले. तेव्हा वरून केलेली निवड चुकतेच, असे काही आपल्याला म्हणता येत नाही.

शेजारच्या इंदापुरात मात्र वेगळेच घडले. हर्षवर्धन पाटील १९९५, १९९९ आणि २००४ असे सलग तीनदा अपक्ष म्हणून निवडून आले. पक्षांचे शिक्के बाजूला सारून लोकांनीच आपला माणूस ठरवला. २०२४ मध्ये तेच पाटील निवडणुकीच्या तोंडावर शरद पवारांच्या पक्षात आले, त्यांना उमेदवारी मिळाली आणि नाराज झालेले प्रवीण माने अपक्ष उभे राहिले. दत्तात्रय भरणे सुमारे १९ हजार मतांनी जिंकले. मानेंना त्याहून जास्त मते पडली होती. ती सगळी पाटलांकडेच गेली असती असे नाही. पण पक्षाने घरात न घेतलेली निवडणूक शेवटी चावडीवर होते, ती अशी. आपण तिला बंडखोरी म्हणतो.

मग प्रायमरी घेतली की सगळे सुटते का? तसेही नाही. २०१४ साली काँग्रेसने वर्ध्यात प्रायमरी घेतली. निवडून कोण आले? विद्यमान खासदार दत्ता मेघे यांचे चिरंजीव सागर मेघे. पुढे लोकसभेला ते हरले. मतपेटी नवी असली, तरी मतदार कोण हे सभासदांची यादीच ठरवते. ती यादी ज्याच्या हातात, त्याचे पारडे जड.

तत्त्वज्ञानाच्या भाषेत सांगायचे तर, समोर ठेवलेल्यांतून एक निवडणे हे अर्धे स्वातंत्र्य. समोर कोणाला ठेवायचे, हे ठरवणे हे उरलेले अर्धे. मतदानाच्या दिवशी बोटाला शाई लागते, तोवर हे दुसरे अर्धे कुठेतरी बंद खोलीत वापरून झालेले असते. म्हणून पक्ष कोणताही असो, आपण आधी त्याच्या सभासदांची यादी मागायला शिकले पाहिजे.