विकत घेतलेले गाणे मोटारसायकलीवर का वाजत नव्हते?

१/
लांब पल्ल्याच्या मोठ्या मोटारसायकलींवर समोरच्या काचेमागे स्टिरिओ बसवलेला असतो. त्यात पेनड्राइव्ह खोचला की कधी सगळी गाणी वाजतात, कधी निम्मीच, तर कधी पडद्यावर नावेही उमटत नाहीत. मग संगणकावर बसून फाइली एमपीथ्रीत बदलून घ्याव्या लागतात. या किरकोळ खटाटोपामागे सुमारे सत्तर वर्षांचा एक वाद आहे : पैसे मोजून घेतलेले गाणे नेमके कोणाच्या ताब्यात असते?

२/
१९३० मध्ये शिकागोच्या गॅल्व्हिन बंधूंच्या कंपनीने मोटारीत बसवण्याजोगा रेडिओ बाजारात आणला आणि त्याला 'मोटोरोला' हे नाव दिले. पुढे कंपनीनेही तेच नाव धारण केले. रेडिओने प्रवासात संगीत आणले खरे. पण कोणते गाणे लागावे, हे ठरवणार रेडिओ केंद्र. स्वतःच्या संग्रहातले गाणे रस्त्यावर ऐकण्याची सोय अजून झालेली नव्हती.

३/
ती सोय करण्याचा एक गाजलेला प्रयत्न क्रायस्लरने १९५६च्या मोटारींत केला. सीबीएसच्या प्रयोगशाळेतील पीटर गोल्डमार्क यांनी डॅशबोर्डखाली बसणारी तबकडी-यंत्रणा तयार केली. नाव 'हायवे हाय-फाय'. तिच्या सात इंची तबकड्या मिनिटाला १६⅔ फेरे घेत. घरातल्या नेहमीच्या तबकड्या त्यात चालत नसत आणि या खास तबकड्या कोलंबिया कंपनीखेरीज कोठे मिळत नसत. काही वर्षांतच हा प्रयोग बंद पडला.

४/
उलट उदाहरण कॅसेटचे. लू ऑटेन्स यांच्या चमूने घडवलेली ही छोटी फीत फिलिप्सने १९६३ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात मांडली. ठरलेली मोजमापे तंतोतंत पाळण्याच्या अटीवर फिलिप्सने तिचा परवाना इतर उत्पादकांना विनामूल्य खुला केला. त्यामुळे कोणत्याही कंपनीची कॅसेट कोणत्याही कंपनीच्या यंत्रात वाजू लागली.

५/
शिवाय कॅसेटवर घरच्या घरी ध्वनिमुद्रण करता येई. घरातल्या तबकडीवरची गाणी फितीवर उतरवायची आणि ती फीत प्रवासात न्यायची, हा प्रघात जगभर पडला. आज ज्याला 'फाइल कन्व्हर्ट करणे' म्हणतात, त्याचे हे पूर्वरूप. गाणे तेच, मालक तोच. बदलले ते फक्त वाहन.

६/
खुल्या साधनाचा परिणाम भारतातही दिसला. १९८०च्या दशकात कॅसेट स्वस्त झाली आणि एचएमव्हीची दीर्घकाळची मक्तेदारी ढासळली. तबकडी काढण्याचा खर्च ज्यांना कधी पेलला नसता, अशा लहान कंपन्या उभ्या राहिल्या. भजने, भीमगीते, लोकगीते, कीर्तने यांना बाजार मिळाला. तंत्राचे दार उघडे असले की लहान आवाजही आत येतात, ते असे.

७/
मोटारसायकलीला तर कॅसेट फारच मानवली, कारण खड्ड्यात तबकडीची सुई उडते, फीत बहुधा तग धरते. होंडाने १९८० मध्ये 'गोल्ड विंग इंटरस्टेट' आणली. वारा अडवणारे पुढचे आवरण आणि सामानाच्या पेट्या कारखान्यातूनच बसवून येत. हवा असल्यास स्टिरिओही मिळे. पुढच्या मॉडेलांत कॅसेट-प्लेअर आला. गाडी चालवताना संगीत ऐकणे हा दौऱ्याच्या मोटारसायकलींचा एक गुणच ठरला.

८/
पुढचे वळण डिजिटल. १९८२ मध्ये आलेल्या सीडीवर दर सेकंदाला १४,११,२०० बिट इतकी माहिती असते. चार मिनिटांचे गाणे म्हणजे सुमारे ४२ मेगाबाइट. त्या काळच्या टेलिफोन तारेतून एवढी माहिती पाठवणे अशक्यप्राय होते. जर्मनीतील एर्लांगेन येथे प्रा. डीटर झाइत्सर आणि त्यांचे विद्यार्थी कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्ग यांनी याच प्रश्नाला हात घातला.

९/
उत्तर माणसाच्या कानात सापडले. मोठ्या आवाजाशेजारचा बारीक आवाज कानाला ऐकूच येत नाही. मग तो साठवायचा कशाला? असे झाकले जाणारे तपशील गाळले की फाइल लहान होते. सुझॅन व्हेगा यांचे 'टॉम्स डायनर' हे वाद्यांविना गायलेले गाणे या कसोटीत सुरुवातीला बिघडत असे. ब्रांडेनबुर्ग यांनी ते पुनःपुन्हा ऐकून आपली पद्धत सुधारली.

१०/
१४ जुलै १९९५ रोजी फ्राउनहोफर संस्थेतील संशोधकांनी या फाइलींसाठी 'एमपीथ्री' हे शेपूट निश्चित केले. सेकंदाला १२८ किलोबिट या प्रमाणात ४२ मेगाबाइटचे गाणे चार मेगाबाइटच्याही आत बसू लागले. १९९८ मध्ये डायमंड मल्टिमीडियाचा 'रिओ' हा खिशात मावणारा प्लेअर आला आणि अमेरिकेतील ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या संघटनेने त्याविरुद्ध न्यायालय गाठले.

११/
१९९९ मध्ये अपील न्यायालयाचा निकाल डायमंडच्या बाजूने लागला. स्वतःच्या संगणकातले गाणे सोबत नेता यावे म्हणून त्याची प्रत करणे हा वैयक्तिक, बिगरव्यापारी वापर होय, असे न्यायालयाने मानले. मोटारसायकलीसाठी फाइल बदलून घेणाऱ्याची बाजू याहून स्पष्ट शब्दांत क्वचितच मांडली गेली असेल.

१२/
पण दुसरीकडे कायदा उलट दिशेने निघाला होता. अमेरिकेत १९९८च्या कायद्याने डिजिटल कुलूप तोडणे हाच बेकायदा प्रकार ठरवला. भारतातही २०१२च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात कलम ६५-अ आले. मात्र तेथे हक्कभंगाचा हेतू असणे ही अट आहे.

१३/
२८ एप्रिल २००३ रोजी ॲपलचे आयट्यून्स दुकान उघडले. गाणे ९९ सेंटला. स्वरूप एएसी आणि त्यावर 'फेअरप्ले' हे कुलूप. हे गाणे ठरावीक संगणकांवर आणि आयपॉडवर वाजे. इतर कंपन्यांच्या स्टिरिओंना ते उलगडता येत नसे. अधिकृत वाट एकच : गाणे सीडीवर उतरवायचे आणि त्या सीडीवरून पुन्हा एमपीथ्री करायचे. एकदा गाळलेला ध्वनी असा दुसऱ्यांदा गाळला जाई.

१४/
कुलपाची खरी किंमत २००८ मध्ये कळली. बंद पडलेल्या एमएसएन म्युझिकच्या ग्राहकांना मायक्रोसॉफ्टने कळवले की ऑगस्टनंतर नव्या संगणकासाठी किल्ली मिळणार नाही. संगणक बदलला की विकत घेतलेला संग्रह मुका होणार होता. ओरड झाल्यावर मुदत २०११ अखेरपर्यंत वाढवण्यात आली. तोवर वारा फिरलेलाच होता : ॲमेझॉनने २००७ मध्येच कुलूपविरहित एमपीथ्री विकायला काढले होते आणि जानेवारी २००९ मध्ये ॲपलनेही गाण्यांवरचे कुलूप हटवण्याची घोषणा केली.

१५/
कुलूप गेले, तरी भाषेचा प्रश्न उरलाच. स्टिरिओतील लहानशा चिपला मोजकीच स्वरूपे उलगडता येतात. २००१ मध्ये 'फ्लॅक' आले. त्यात ध्वनीचा कणही गाळला जात नाही, पण अनेक गाड्यांना ते वाचता येत नाही. फाइलीचे शेपूट नुसते बदलून भागत नाही, आतली मांडणीच बदलावी लागते. पेनड्राइव्हही बहुधा जुन्या 'फॅट३२' पद्धतीचाच लागतो. एमपीथ्री मात्र जवळजवळ सर्वत्र चालते. त्याचा पेटंट-परवाना कार्यक्रम एप्रिल २०१७ मध्ये संपला. त्यामुळे ते आता खऱ्या अर्थाने सर्वांचे झाले आहे.

१६/
इतिहासातून निघणारी व्यवहाराची गोष्ट साधी आहे. मूळ फाइल जपून ठेवावी आणि गाडीसाठी तिची वेगळी एमपीथ्री प्रत करावी. एमपीथ्रीचे फ्लॅक केल्याने गाळलेला ध्वनी परत येत नाही. प्रत मात्र गाडीला पुरते, कारण वेगात वाऱ्याचा गोंगाट बारीक तपशील झाकूनच टाकतो. एर्लांगेनच्या संशोधकांनी कानाचा जो गुण वापरला, तोच येथे पुन्हा कामी येतो.

१७/
२०१८च्या गोल्ड विंगवर ॲपल कारप्ले आले. मोटारसायकलीवर ते प्रथमच. आता गाणे फोनमधून, आणि बहुधा मासिक वर्गणीतून येते. वर्गणी थांबली की संग्रह थांबतो. रेडिओच्या काळासारखी शेवटची मर्जी पुन्हा दुसऱ्याकडे गेली आहे. पेनड्राइव्हवरची साधी एमपीथ्री दिसायला जुनाट असेल, पण डोंगरात जेथे मोबाइलची रेंज संपते, तेथेही ती वाजते आणि त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही.