मोर्तबापासून छपाईबंदीपर्यंत

सावित्री नदीच्या मुखाशी वसलेले हरिहरेश्वर पेशव्यांचे कुलदैवत म्हणून सर्वांना ठाऊक आहे. मात्र ज्या श्रीवर्धन मुलखात ते मोडते, त्याचा इतिहास हक्कांच्या कागदपत्रांचाही आहे. श्रीवर्धनची देशमुखी भट घराण्याकडे होती, त्याच घराण्यातील बाळाजी विश्वनाथ १७१३ मध्ये पेशवे झाले, आणि १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन होईपर्यंत हा प्रदेश सिद्दींच्या जंजिरा संस्थानाचा भाग होता. वतन, इनाम आणि महसूल यांचे हक्क कागदावरच टिकत असल्यामुळे बनावट कागदाची भीती त्या काळीही होती आणि तिच्यावरचा उपाय मराठी दफ्तरपद्धतीने नेटका बसवला होता. पत्राच्या प्रारंभी मुख्य मुद्रा आणि शेवटी मोर्तब, म्हणजे मजकुराची मर्यादा ठरवणारा लहान शिक्का, उठवला जाई. त्याखाली कोणी ओळ वाढवली, तर ती उघडी पडे. लांब पत्रासाठी कागद एकमेकांना चिकटवले जात, तेव्हा सांध्यांवरही शिक्के उमटत.

हीच काळजी आज संगणकाच्या सुरक्षा-व्यवस्थेत दिसते. जमिनीचा सातबारा, म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा यांचा एकत्रित उतारा, पूर्वी तलाठ्याच्या सही-शिक्क्याने मिळे. १ मे २०१८ पासून महाराष्ट्रात डिजिटल स्वाक्षरीचे उतारे ऑनलाइन मिळू लागले. अशा स्वाक्षरीला २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याचा आधार आहे. ती शाईची खूण नसून गणिती प्रक्रियेने बांधलेली ओळख असते आणि फाइलमधील एक अक्षर बदलले, तरी ती जुळत नाही. तथापि उतारा उघडताच स्वाक्षरीवर अनेकदा पिवळे प्रश्नचिन्ह दिसते आणि वाचणारा उताऱ्याविषयीच शंका घेतो. वस्तुतः स्वाक्षरीमागच्या भारतीय प्रमाणन-यंत्रणेचे मूळ प्रमाणपत्र त्या संगणकातील वाचन-प्रणालीच्या विश्वासयादीत नसते, एवढाच बहुधा त्याचा अर्थ असतो. प्रमाणपत्राचा तपशील पडताळून ते यादीत घेतले की चिन्ह बदलते. छापील प्रतीत गणिती स्वाक्षरी तपासता येत नाही. म्हणून उताऱ्यावर पडताळणी क्रमांक दिलेला असतो.

छपाई मुळातच अडते, ती वेगळ्या कारणाने. १९९९ मध्ये ‘मेलिसा’ हा विषाणू वर्डच्या फाइलमधून ईमेलद्वारे जगभर पसरला आणि निव्वळ दस्तऐवज वाटणारी फाइलही धोकादायक असू शकते, हे उघड झाले. २००४ मध्ये विंडोज एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकपासून बाहेरून उतरवलेल्या फाइलवर तिच्या उगमाची अदृश्य नोंद होऊ लागली आणि २०१० च्या ऑफिसमध्ये अशी फाइल ‘प्रोटेक्टेड व्ह्यू’ या बंदिस्त अवस्थेत उघडू लागली. या अवस्थेत मजकूर वाचता येतो, पण छापता येत नाही. प्रिंटर निर्दोष असूनही त्याच्या तारा तपासण्यात वेळ जातो, तो यामुळेच. फाइल खात्रीच्या ठिकाणाहून आली असेल, तर वरच्या पिवळ्या पट्टीतून त्या एकाच फाइलपुरती परवानगी देणे पुरेसे असते. संपूर्ण संरक्षण कायमचे बंद करणे हा उपाय नव्हे.

त्याहून बिकट पेच छपाईची रांग सांभाळणाऱ्या ‘प्रिंट स्पूलर’ या सेवेचा आहे. ही सेवा संगणकात उच्च अधिकारांनी चालते, म्हणून तिच्यातील त्रुटी घुसखोराला मोठे दार उघडून देते. २०१० मध्ये उघडकीस आलेल्या स्टक्सनेटनेही तिचा वापर केला होता. २०२१ च्या उन्हाळ्यात ‘प्रिंटनाइटमेअर’ ही त्रुटी जाहीर झाली, मायक्रोसॉफ्टने जुलैमध्ये तातडीची दुरुस्ती दिली आणि ऑगस्टपासून प्रिंटरचा ड्रायव्हर बसवण्यास प्रशासकाचे अधिकार आवश्यक केले. सप्टेंबरमध्ये स्पूलरशी होणाऱ्या दूरस्थ संवादाची कडक ओळखतपासणी सक्तीची झाली. प्रिंटर जोडलेला संगणक आणि त्याच्याकडे छपाई पाठवणारे संगणक यांपैकी काही अद्ययावत नसले, की त्यांची ओळख जुळेना आणि ‘११बी’ने संपणाऱ्या त्रुटीक्रमांकासह जोडणी नाकारली जाई.

या अडचणीवर एक सोपा तोडगा झपाट्याने पसरला: रजिस्ट्री या विंडोजच्या अंतर्गत नोंदवहीत संबंधित नोंदीचे मूल्य शून्य करणे. छपाई लगेच सुरू होई, मात्र ओळखतपासणीच बंद पडे. योग्य मार्ग अधिक वेळखाऊ आहे: आधी दोन्ही बाजूंचे संगणक अद्ययावत करावेत, मग प्रिंटरचा ड्रायव्हर प्रशासकाच्या खात्यातून नव्याने बसवावा आणि त्यानंतरच पुन्हा जोडणी करून पाहावी. किनाऱ्यावरच्या एखाद्या सेवा केंद्रात एकाच संगणकावर अनेक कुटुंबांचे आधार क्रमांक, उतारे आणि दाखले हाताळले जातात. तिथे निकडीपोटी शून्य केलेली नोंद छपाई सुरू झाल्यावर सहसा विसरली जाते, आणि ती शोधून पुन्हा एकवर आणण्याचे काम मागे उरते.