आगर आणि ऋतू : अष्टागरातल्या माड-पोफळींच्या निगराणीचा इतिहास

आजचा विषय जाहीर झाला तेव्हा काहींनी आम्हांला विचारलं, की तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाने झाडांच्या शिंपण्यावर काय बोलायचं? प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर एका शब्दात आहे, आणि तो शब्द म्हणजे ऋतू. वेदांतला 'ऋत' आणि आपला 'ऋतू' हे दोन्ही शब्द एकाच धातूतून आले. ऋत म्हणजे विश्वाची व्यवस्था आणि ऋतू म्हणजे त्या व्यवस्थेतली योग्य वेळ. योग्य वेळ ओळखणं आणि त्या वेळेला योग्य ते करणं हा नीतिशास्त्राचा जुना प्रश्न आहे. रायगडच्या किनाऱ्यावरच्या वाडीवाल्यांनी तो ग्रंथ न लिहिता, फावड्याने सोडवला. तेव्हा आज आपण थळपासून श्रीवर्धनपर्यंतच्या नारळी-पोफळींकडे इतिहास म्हणून पाहू.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. मुंबई-पुण्याचा माणूस अलिबागला उतरतो, माडांची रांग बघतो आणि म्हणतो, "इथे काय, सगळं आपोआप होतं." पण तसं ते होत नाही. नारळ आणि सुपारी ही उष्ण प्रदेशातली झाडं खरी, पण त्यांना मनापासून आवडतो तो वर्षभर थोडाथोडा पाऊस. आपल्याकडे वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. मग उरलेले आठ महिने कोरडे. म्हणजे या झाडाला चार महिने पाणी जास्त होतं आणि आठ महिने कमी पडतं. माड एक वेळ खालच्या ओलीवर तग धरेल. पोफळ मात्र नाही. पोफळीची मुळं उथळ असतात, तिला साचलेलं पाणी सोसत नाही आणि कोरडी जमीनही सोसत नाही. म्हणून आम्ही असं म्हणतो, की या किनाऱ्यावर पोफळ उगवलेली नाही, माणसाने ती धरून ठेवलेली आहे.

ऋतूंची नावंसुद्धा बघणाऱ्यावर अवलंबून असतात. पंधराव्या शतकात, १४६९च्या सुमारास, अफनासी निकितिन हा रशियातल्या त्वेर गावचा व्यापारी होर्मुझहून जहाजाने आपल्या चौलला उतरला. पुढे घाट चढून तो जुन्नरला गेला आणि तिथे पावसाळ्यात अडकला. त्याने आपल्या टिपणांत त्या काळाला चक्क हिवाळा म्हटलं आहे. त्याच्या देशात जो काळ माणसाला घरात कोंडतो तो हिवाळा. इथे रात्रंदिवस पाणी आणि चिखल, प्रवास बंद, म्हणजे हाच इथला हिवाळा! हसण्यासारखं वाटेल, पण त्याचं तर्कशास्त्र चुकलेलं नाही. ऋतू म्हणजे केवळ तापमान नव्हे. जिवाला काय करायला भाग पडतं, त्यावरून ऋतू ठरतो.

आता या झाडांचा कुळाचार पाहू. सुपारी आग्नेय आशियातून आली. नारळाच्या जनुकांचा एक अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. त्यात नारळाची दोन मूळ घराणी दिसतात, एक प्रशांत महासागराकडचं आणि दुसरं हिंदी महासागराकडचं. दोन्ही घराण्यांचा प्रसार समुद्रमार्गाने, बराचसा माणसाच्या हाताने झाला. पण आपल्या पश्चिम किनाऱ्यावर लागवड किती जुनी? नाशिकच्या लेण्यांत क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे, इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातला. त्यात नानंगोल गावातल्या बत्तीस हजार नारळांच्या झाडांचं दान नोंदलेलं आहे. हे गाव म्हणजे आजचं नारगोळ, असं बरेच अभ्यासक मानतात. दान मिळालेल्यांत शूर्पारकाचे, म्हणजे सोपाऱ्याचे लोकही आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी झाडं मोजून दान दिली जात होती, याचा अर्थ ती कुणीतरी लावली होती, राखली होती आणि मोजली होती. रानातली झाडं अशी कुणी मोजत बसत नाही.

यानंतरचे पाहुणे पोर्तुगीज. चौलजवळ रेवदंड्याला त्यांनी सोळाव्या शतकात कोट बांधला. १७४०मध्ये तो मराठ्यांकडे आला. पोर्तुगिजांच्या काळात अननस, काजू, पपई, पेरू अशी अमेरिकेतली झाडं या किनाऱ्यावर रुजली. आज माडाच्या सावलीत अननसाची ओळ दिसली, तर समजावं की तिथे दोन महासागर शेजारी नांदताहेत. "हे आपलं झाड, ते परकं झाड" असा वाद घालणाऱ्यांनी अष्टागरात एक फेरी जरूर मारावी.

'अष्टागर' म्हणजे आठ आगरं. आठांची यादी सांगणाऱ्यागणिक थोडी बदलते, पण नागाव, चौल, आक्षी, थळ ही नावं कानावर पडतातच. आगर म्हणजे नारळी-पोफळींची वाडी, आणि मीठ पिकवायची जागा तेही आगर, मिठागर. एका शब्दात गोडं आणि खारं दोन्ही नांदतात. हा नुसता भाषेचा खेळ नाही. किनाऱ्यावरच्या विहिरीत हेच घडतं. पावसाचं मुरलेलं गोडं पाणी हलकं असतं, ते जमिनीखालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं. शास्त्रज्ञांचा ठोकताळा असा, की समुद्रसपाटीच्या वर एक मीटर गोडं पाणी असेल तर त्याच्या खाली सुमारे चाळीस मीटरपर्यंत गोडं पाणी असतं. हिशेब उलटाही चालतो. वरचं एक मीटर उपसून संपवलं, तर खालून खारं पाणी सुमारे चाळीस मीटर वर सरकतं.

या नाजूक थरावर अष्टागराची वाडी उभी राहिली, ती रहाटाच्या जोरावर. लाकडी चाक, त्यावर लोट्यांची माळ, फिरणारा बैल, मग पन्हाळ, पाट आणि शेवटी झाडाचं आळं. रोजच्या कंटाळवाण्या संसाराला आपण रहाटगाडगं म्हणतो. पण या रहाटगाडग्याचा एक गुण होता. बैल दमला की उपसा थांबायचा. विहिरीला पुन्हा भरायला वेळ मिळायचा. मर्यादा कुणी कायद्याने घातलेली नव्हती, ती यंत्रातच होती. पुढे तेलाची इंजिनं आली, मग विजेचे पंप आले. कष्ट कमी झाले, ते व्हायलाच हवे होते. रहाट परत आणा, असं आम्ही म्हणणार नाही. मात्र जी मर्यादा पूर्वी बैलाच्या थकव्याने पाळली जायची, ती आता माणसाला शहाणपणाने पाळावी लागते. त्यात वाड्यांच्या जागी बंगले आणि तरणतलाव आले, की एकाच थरातून पाणी ओढणारे वाढतात. एकाची विहीर खारी झाली की शेजाऱ्याचीही होण्याचा धोका असतो. जमीन ज्याच्या त्याच्या नावावर असते, पण खालचं पाणी सातबारा बघून वाहत नाही.

आता वर्षाचं चक्र पाहू. वाडीवाल्याचं वर्ष खऱ्या अर्थाने आगोटीला सुरू होतं. आगोट म्हणजे पावसाच्या तोंडावरचे दिवस. घरात बेगमी भरायची आणि वाडीत चर मोकळे करायचे, म्हणजे पाणी साचणार नाही. पोफळीचा पावसाळ्यातला मोठा शत्रू म्हणजे कोळेरोग. कच्ची फळं सडून गळतात. नाव कानडीतून आलेलं, 'कोळे' म्हणजे कुजणं. म्हैसूर संस्थानात लेस्ली कोलमन यांनी १९१०च्या सुमारास या रोगामागची बुरशी अभ्यासून मांडली. उपाय आला फ्रान्सच्या द्राक्षमळ्यांतून. बोर्डो भागात १८८५मध्ये मिलार्दे यांनी मोरचूद आणि चुन्याचं मिश्रण पुढे आणलं. आजही एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि शंभर लिटर पाणी हेच प्रमाण. पहिली फवारणी पावसाआधी, दुसरी साधारण चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी. भर पावसात उघडीप साधून गुळगुळीत पोफळीवर चढणं हे काय काम आहे, ते चढणाऱ्यालाच ठाऊक.

पाऊस सरला की आळी उकरायची, खत घालायचं आणि वर झावळ्यांचं आच्छादन. नारळाची सोडणं फेकायची नाहीत, ती आळ्यात पुरायची. ती पाणी धरून ठेवतात. झाडाने दिलेलं झाडालाच परत. हिवाळ्यात सुपारी उतरते. श्रीवर्धनची रोठा सुपारी नावाजलेली. ती सालासकट सुमारे चाळीस दिवस उन्हात वाळवावी लागते. त्यात अवकाळी पावसाची एक सर आली, तर वर्षाची मेहनत काळी पडते. पाणी देण्याचं गणितही ऋतूप्रमाणे बदलतं. पोफळीला नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये सात-आठ दिवसांनी, जानेवारी-फेब्रुवारीत सहा दिवसांनी, मार्च ते मे तीन ते पाच दिवसांनी.

आणि उन्हाळ्यात सावली. लोकांना वाटतं, उष्ण प्रदेशातलं झाड, त्याला ऊन कसलं लागतंय? पण दक्षिण-पश्चिमेचं तिरपं ऊन पोफळीच्या खोडाला भाजतं. आधी पिवळे डाग, मग तपकिरी, मग भेगा, आणि एखाद्या वाऱ्यात खोड तिथेच मोडतं. म्हणून त्या बाजूंना उंच झाडं लावतात, तरण्या रोपांना केळीची सावली देतात. लंडनजवळ क्यू इथे १८४४ ते १८४८ या काळात ताड-माडांसाठी काचेचा मोठा महाल बांधला, खाली भट्ट्या पेटवून आतली हवा ऊबदार ठेवली. आपल्या वाडीवाल्यांनी तोच महाल काचेविना बांधला. माडाचं छत, त्याखाली पोफळ, खोडांवर मिरवेल, मधे जायफळ, तळाला अननस. दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ नारळात मसाल्याच्या पिकांची जी 'लाखी बाग' सांगतं, तिचं मूळ याच जुन्या शहाणपणात आहे.

हे छत ३ जून २०२० रोजी फाटलं. निसर्ग चक्रीवादळ मुरूड-श्रीवर्धनच्या पट्ट्यात किनाऱ्याला धडकलं. वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरहून अधिक होता. आगोटीचे दिवस, त्यात टाळेबंदी. दिवेआगर, श्रीवर्धन, नागाव इथल्या वाड्या आडव्या झाल्या. नुकसान पडलेल्या झाडांपुरतं नव्हतं. वरचं छत गेलं, की उरलेल्या पोफळींची खोडं उन्हात उघडी पडतात. सरकारी मदतीचे निकष हेक्टरी होते, आणि वाडीवाला गुंठ्यांत आणि झाडांत मोजतो. म्हणून झाडामागे भरपाईची मागणी पुढे आली. उषवदाताच्या लेखातही झाडंच मोजलेली होती, हे आपण मघाशी पाहिलं.

इथे काळाचा प्रश्न येतो. माडाच्या गाभ्यात पोयीचा अंकुर धरतो तिथपासून नारळ पिकून उतरेपर्यंत सुमारे चव्वेचाळीस महिने लागतात. म्हणजे यंदा हातात आलेला नारळ साडेतीन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्याचीही साक्ष देतो. त्या वर्षी शिंपणं चुकलं असेल, तर त्याचा हिशेब आज मिळतो. नवीन लावलेला उंच माड फळाला यायला सहा-आठ वर्षं. त्या काळात घरखर्च कसा भागवायचा? वाडीचा तुकडा विकायचा की पुन्हा खड्डे खणायचे? हा प्रश्न त्या वर्षी किनाऱ्यावरच्या कितीतरी घरांत उभा होता, आणि ज्याने विकलं त्याला आम्ही नावं ठेवणार नाही. सहा वर्षं थांबण्याची ताकद प्रत्येकाकडे नसते, आणि त्या थांबण्याची किंमत समाजाने वाटून घ्यायला हवी.

आजोबाने लावावं आणि नातवाने खावं, असं आपण सहज बोलून जातो. त्यातला मधला माणूस आपण विसरतो. ज्याने लावलं नाही आणि ज्याला फारसं खायला मिळालं नाही, पण ज्याने आठ-आठ महिने आळी ओली ठेवली, तो मधला बाप. त्याचं नाव कुठल्या शिलालेखात नाही. इतिहास लिहिताना दान देणारा सापडतो, शिंपणारा सापडत नाही. तेव्हा पुढच्या खेपेला अलिबागच्या बाजूला जाल, तेव्हा माडांचे फोटो जरूर काढा, पण त्या वाडीवाल्याला दोन प्रश्नही विचारा : विहीर अजून गोडी आहे का, आणि नवीन रोपं किती लावली? त्यांची उत्तरं ऐकलीत की या किनाऱ्याचा पुढचा इतिहास तुम्हांला आमच्या व्याख्यानापेक्षा अधिक नीट कळेल.