पांघरुणातली बायको

तुम्हाला प्रेक्षकांत जागा मिळालीय, पण समोर कॅमेऱ्याचं धूड. साल १९७९, लंडनचं बीबीसी टेलिव्हिजन सेंटर. पुढ्यात प्लायवूडच्या भिंतींचं हॉटेल: काउंटर, स्वयंपाकघर, झोपायची खोली, सगळं शेजारी शेजारी, वर छप्परच नाही. दिव्यांच्या उकाड्यात कोट नकोसा होतो. कॅमेरा आडवा आला की मान वर करून टांगलेल्या पडद्यावर बघायचं.

‘फॉल्टी टॉवर्स’ या विनोदी मालिकेचा भाग चित्रित होतोय. हॉटेल टॉर्कीतलं, मालक नवराबायको. बॅसिल, म्हणजे जॉन क्लीझ, गिऱ्हाईक दिसलं की कपाळाला आठी घालणारा. सिबिलच्या भूमिकेत प्रुनेला स्केल्स. सिबिलला कजाग म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण नीट बघा, धंदा तीच सांभाळते. फोनवर मैत्रिणीशी तासन्‌तास गप्पा, तरी नवऱ्याने घातलेला घोळ तिला बरोब्बर कळतो.

आज दोघांच्या लग्नाचा वाढदिवस. बॅसिलने विसरल्याचं नाटक केलंय आणि मित्रमंडळींना गुपचूप बोलावलंय. सिबिल तणतणत निघून गेली, आणि पाहुणे दारात! खरं सांगितलं असतं तर दोन मिनिटांत भागलं असतं. पण हा पठ्ठ्या थाप मारतो: तिला बरं नाही. पाहुण्यांत नेमकी एक नर्स. ती म्हणते, बघू तरी.

मग वेट्रेस पॉलीला सिबिलसारखा विग चढवून, पडदे ओढलेल्या खोलीत पलंगावर निजवतात. फुकट नाही हं. गाडीसाठी उसने पैसे कबूल करून घेतल्यावरच ती तयार होते.

आजूबाजूचे पोट धरून हसतायत. तुमचं हसू मात्र मध्येच अडतं. पॉली झालेल्या कॉनी बूथ १९६८ पासून क्लीझ यांच्या पत्नी होत्या. मालिकेचे बाराही भाग दोघांनी मिळून लिहिले, सहा १९७५ मध्ये आले, बाकीचे आता. मधल्या काळात, १९७८ मध्ये, घटस्फोट झाला. आणि आता त्या पांघरूण हनुवटीपर्यंत ओढून, त्याच माणसासमोर, त्याच्या बायकोचं सोंग घेऊन पडल्यात. आपणच लिहिलेल्या प्रसंगात. एकमेकांची वाक्यं दोघं अशी झेलतात, की या जोडीत काही तुटलंय असं कोणाला वाटणार नाही.

खरी सिबिल परतते. बॅसिल पाहुण्यांना बेधडक सांगतो, ही तिच्यासारखी दिसणारी दुसरीच कोणी. आणि तिला स्वयंपाकघरातल्या कपाटात कोंबतो. हशाने स्टुडिओ दणाणतो. साऱ्या माना तिकडे वळल्यात.

तुम्ही पलंगाकडे बघताय. त्या सेटवरचे दिवे मालवलेत, आणि उशीवर डोक्याचा खड्डा तेवढा दिसतोय.